झोतातलं वटवाघूळ

पडद्यावरचं भूत रक्त बघून चक्कर येऊन पडलं, पब्लिक खदखदून हसलं, आणि तेवढ्यात पडद्यावरून एक भलंमोठं काळं वटवाघूळ गेलं. ते सिनेमातलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीतल्या एका पत्र्याच्या थिएटरात ऑपरेटर होतो, वरच्या केबिनमधून सिनेमाचं मशीन चालवायचो. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, त्यामुळे दुपारचा शो हाऊसफुल. सिनेमा विलायती कार्टून, पण फक्त प्रौढांसाठी. रक्त पिणारं भूत आणि त्याचे चावट उद्योग. माझी बायको पोटुशी होती, तरी हट्टाने शेजारणीबरोबर अंजूर गावाहून आली होती. खाली लेडीजमध्ये बसली होती.

पत्र्याखाली वटवाघळं राहायची. त्यातलं एक माझ्या मशीनच्या झोतात शिरलं. झोताच्या तोंडाशी चिमणीएवढं काही आलं तरी पडदाभर सावली पडते. आधी लोक हसले. मग ते डोक्यांवरून फडफडत गेलं आणि लेडीजमधून किंकाळी आली, "खरं हाय गं, खरं हाय!"

सगळे दाराकडे धावले. पण दारांना बाहेरून कड्या होत्या. फुकटे आत घुसू नयेत म्हणून शो सुरू झाला की गेटकीपर कड्या लावायचा आणि चहाला जायचा. आमची रीतच होती ती.

"दरवाजा खोलो!" खालून ओरडा सुरू झाला. दारं धडधडत होती. केबिनच्या भोकातून नुसती डोकी दिसत होती. त्यात माझी बायको कुठली, कळेना.

मॅनेजर माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "साहेब, कड्या काढा."

"वेडा आहेस का? बाहेरची गर्दी आत घुसेल. गप सिनेमा चालव, थंड होतील."

ऑपरेटरने चालू मशीन सोडायचं नसतं. दिव्यासमोर फिल्म अडकली तर जळून जाते. मी मशीन बंद केलं, हॉलचे लाइट लावले आणि केबिनच्या बाहेरच्या जिन्याने पळत सुटलो. मॅनेजर मागून शिव्या देत होता.

कडी काढली तशी माणसं माझ्या अंगावर सांडली. कुणाची चप्पल गेली, कुणाचा हात खरचटला. जीव कुणाचा गेला नाही. बायको दिसेना. मी आत शिरलो, तर ती खुर्चीत शांत बसलेली, मांडीवर शेंगांची पुडी.

"अगं, उठली का नाहीस?"

"घाई कशाला? दार काय, उघडंच असंल ना."

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

मॅनेजरने माझी ड्युटी आठवडाभर बंद केली. परत गेलो तेव्हा पोस्टरवर चिकटवलेलं दिसलं, 'खऱ्या वटवाघळासह'. शो हाऊसफुल होता, आणि कड्या बाहेरूनच लावलेल्या होत्या.

भुताला मी कधी घाबरलो नाही. पण आजही कुठल्याही हॉलमध्ये गेलो की आधी दार ढकलून बघतो, मग बसतो.