ताटापासून अक्कापर्यंत

१२ मे १९८८, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शिरपूरच्या अंगणात मी पितळी ताटावर पळी आपटत अक्काच्या दिशेने चालत होते. आमच्यात पंधरा फूट अंतर उरले तेव्हा तिने कान झाकले. मी वहीत आकडा लिहिला.

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. पोलके ती उलटे घालत असे, शिवण बाहेर ठेवून. शेजारणी हसत, ‘अक्का, दिवाळीले बी अस्तरच दखाडशी का?’ अक्का शांतपणे सांगे, ‘बाहेर टोचस ते लोकेस्ना डोयाले, मजार टोचस ते माले.’ जरीचे लुगडे आणि कुकरची शिट्टी यांपायी ती सासरहून दोन महिन्यांत परतली होती.

तिची बोटे मात्र सगळ्यांना हवी असत. नाना, म्हणजे माझे आजोबा, जिनिंगमध्ये मिस्त्री होते. कापसाची गाडी आली की ते अक्काला बोलावत. मूठभर कापूस चिमटीत धरून ती सांगे, ‘ओला शे’, आणि तो ओलाच निघे. त्या बोटांचे नानांना कौतुक होते. त्याच कातडीला शिवण टोचते, हे मात्र त्यांना नाटक वाटे.

नानांच्या घराची मागची भिंत जिनिंगची होती. हंगामात ती दिवसभर थरथरे. अक्का त्या भिंतीशी वाढली. आई दोन वर्षांची असतानाच भडगावला तिच्या मामांकडे वाढायला गेली, गिरणेकाठच्या शांत घरात. भांडे पडले की दोघी दचकत. आई डोळे मिटून घेई, अक्का खाटेखाली जाई. दोन बहिणींवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळत होते. तरी मी मांडला: ठिणगी रक्तातली, तिला फुंकर भिंतीची. मी जळगावला प्राणिशास्त्र शिकत होते आणि मला स्वतःच्या नावावर एक निष्कर्ष हवा होता.

निमित्त नानांनी दिले. आदल्या श्रावणात, कानबाई देवीच्या मिरवणुकीत, ढोलावरच्या पहिल्याच थापेला अक्काच्या हातून नैवेद्याच्या रोटांचे ताट पडले होते. नानांनी बजावले, ‘औंदा वाजासमोर ताट धरी उभी राहीनी ते ठीक. नही ते खयावर राहो.’ खळ्यावर पत्र्याची एक खोली होती. जवळपास वस्ती नव्हती.

मी म्हणाले, ‘नाना, आवाजाची भीती सवयीने जाईल. रोज थोडे जवळून वाजवू.’ अक्का लगेच तयार झाली. ‘तू शिकेल शे, माय. तू म्हनशी ते खरं व्हई.’ एकदा वाजवता वाजवता माझा हात मानेकडे गेला, तेव्हा ती म्हणाली, ‘तू बी उलटं घालत जाय. खाजवस ते बंद व्हई.’ मी पळी पुन्हा आपटली. पोलक्याच्या मानेवरची पट्टी मी कधीच उसवून टाकली होती.

ती कान झाकते ते अंतर कमी व्हायला हवे होते. जूनमध्ये ते एकोणीस फूट झाले, जुलैत सव्वीस. प्रयोग चुकला असे मी लिहिले नाही. ‘सहकार्य अपुरे’ असे लिहिले.

कानबाईच्या सकाळी अक्का ताट घेऊन उभी राहिली. तिच्या कानांत कापसाचे बोळे होते. ते मी काढून घेतले. त्यांनी निकाल बिघडला असता. ‘राहू दे ना, माय,’ ती म्हणाली. तेवढ्यात थाप पडली. ताट तिने पाडले नाही, जपून जमिनीवर ठेवले. मग ती भिंतीवर डोके आपटू लागली.

संध्याकाळी नानांनी तिची वळकटी गाडीत टाकली. बोळे माझ्या मुठीतच होते.

दिवाळीत मी खळ्यावर फराळ घेऊन गेले. अक्का दारात कापूस निवडत होती. शिवण बाहेर, चेहरा निवांत. तिने मान वर केली, मला ओळखले आणि दोन्ही हात कानांवर नेले. माझ्या हातात फक्त डबा होता.

मी जिथे होते तिथेच थांबले. डबा खाली ठेवला आणि दारापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजले. वहीतली शेवटची नोंद तेवढीच आहे: आवाज नाही, चाळीस फूट.