देशोदेशीचं शेण आणि आम्ही तिघं

ऑफिसात तीनच माणसं असली की किस्से कमी होतात, असं वाटतं ना तुम्हाला? उलट आहे! तीस माणसांत किस्सा वाटला जातो, तिघांत तो प्रत्येकाच्या वाट्याला अख्खा येतो. माझ्याकडे सात वर्षांचे साठलेत.

ऑफिस प्रभादेवीला, पिठाच्या गिरणीच्या वर. प्रमुख देवधर मॅडम, मातीच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्या. दुसरे सावंतकाका. राहणार लालबाग, गाव मालवणकडे, वडील मिलमध्ये होते. आकड्यांचे सगळे तक्ते त्यांच्या हाताखालून जातात. तिसरी मी, मनीषा.

काम काय? शेतात शेणखत पडलं की मातीतले जिवाणू त्यातल्या थोड्या नायट्रोजनचा नायट्रस ऑक्साइड करतात. हवा तापवण्यात हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा बाप! कुठल्या देशाच्या शेतांतून तो किती निघतो, याची आम्ही तुलना करतो, म्हणजे तो कमी कुठे करता येईल ते कळतं.

आता हे आमच्या गिरगावच्या चाळीत कसं सांगायचं? आईला 'शेण' हा शब्द उच्चारायचा नव्हता. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मनीषाला नोकरी कसली लागली हो?"

आई ऐटीत म्हणाली, "गॅसमध्ये आहे. इंटरनॅशनल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गॅसचं पुस्तक घेऊन दारात. "मनीषा, आमच्या सिलेंडरचा नंबर जरा लवकर लाव ना गं!"

* * *

हाच वायू काही दातांचे डॉक्टर पेशंटला शांत वाटावं म्हणून हुंगायला देतात. सावंतकाकांची दाढ काढायची होती, परळला. डॉक्टर मास्क घेऊन आले आणि प्रेमाने म्हणाले, "घाबरू नका काका, थोडा नायट्रस ऑक्साइड देतो."

काका खुर्चीत ताडकन उठून बसले. "नको, नको! तो कमी कसा होईल हे बघायचा पगार घेतो मी!"

दाढ इंजेक्शनवर काढली.

* * *

काकांचा खरा दरारा बसला तो एका ऑनलाइन मीटिंगमध्ये. परदेशातले एक मोठे तज्ज्ञ आम्हाला कच्चा तक्ता दाखवत होते. भारताचा आकडा आमच्या आकड्यापेक्षा बराच जास्त. मॅडम विचारतायत, मी विचारतेय, पण त्यांचं एकच, "मॉडेल बरोबर आहे."

काका मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "गो, ह्यांनी सगळं शेण शेतात घातलंय काय?"

मी बघितलं. घातलं होतं! काकांनी माइक आपल्याकडे ओढला आणि आपल्या इंग्रजीत सुरू झाले. "सर, आमच्याकडे गाय जेवढं शेण टाकते तेवढं शेतात जात नाही. माझी आई अर्धं थापायची, वाळवायची आणि चुलीत घालायची. जे जळलं ते शेतात कुठून येणार?"

तज्ज्ञ म्हणाले, "इंटरेस्टिंग! पण याला रेफरन्स काय?"

काका म्हणाले, "आई!"

मॅडमनी कॅमेरा बंद केला, कारण त्यांना हसू आवरेना. पुढचे दोन आठवडे काकांनी जुनी सर्वेक्षणं उपसली आणि गोवऱ्यांचे छापील आकडे पाठवून दिले. तक्ता बदलला. तळटीपेत आईचं नाव मात्र आलं नाही, ते काकांना अजून सलतं.

* * *

आता माझी चूक सांगते. शेतकऱ्याने शेतात पसरलेलं खत वेगळं मोजतात आणि चरताना गुरांनी कुरणात टाकलेलं शेण वेगळं. मी एका देशासाठी दोन्हींची बेरीज केली, बाकीच्यांसाठी फक्त पहिलं घेतलं. रिपोर्ट दुपारी जायचा होता. सकाळी मॅडम यादी बघत म्हणाल्या, "मनीषा, हा एवढासा देश एकदम वर कसा गं? ह्याच्या गाई एकमेकींच्या डोक्यावर उभ्या राहतात काय?"

मी जागेवर येऊन फाइल उघडली. चूक माझीच, आणि ती फक्त मलाच दिसत होती. 'तिकडूनच आकडा तसा आला' म्हटलं असतं तर खपलंही असतं. फाइल बंद केली, पुन्हा उघडली. मग उठून आत गेले आणि म्हणाले, "मॅडम, गाई बरोबर आहेत. मी चुकले."

मॅडमनी चष्मा काढला. "आपल्याकडे नियम एकच. चूक लपवली तर राजीनामा, सांगितली तर चहा." आणि खरंच चहा मागवला.

सावंतकाका दारातूनच ओरडले, "मग माका तीन चहा सांगा!"

* * *

आणि हा गेल्या वर्षीचा, दादरचा. एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, आमचं वर्षभराचं काम भिंतीवर. उद्घाटनाला अर्धा तास असताना प्रायोजकांचा माणूस आला. सूट, कपाळाला घाम. आमच्या पोस्टरवर देशोदेशीच्या आकड्यांचा बारचा आलेख होता, त्यासमोर थबकला.

"मॅडम, आपल्या देशाचा बार शेजाऱ्यांपेक्षा एवढा उंच? आमचे साहेब येतायत!"

मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे गुरं जास्त, शेती जास्त. बाजूला हेक्टरमागचा तक्ता आहे, तोही वाचा."

"साहेब एवढं वाचत नाहीत. स्केल बदला, बार छोटा करा. नाहीतर पोस्टर उतरवावं लागेल."

सावंतकाका पोस्टरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पुढच्या वर्षीचं कामही ह्याच लोकांच्या हातात होतं.

मॅडम अगदी शांत. "पोस्टर राहील. बारही तेवढाच राहील. तुम्हाला उंच वाटतोय ना? मग जरा लांबून बघा!"

आता हा भडकणार, असं मला वाटलं. त्याने मॅडमकडे बघितलं, बारकडे बघितलं. मग खरोखरच पाच पावलं मागे गेला, मान तिरकी केली आणि रुमालाने घाम पुसत म्हणाला,

"हां... आता ठीक आहे!"