बोलावलं म्हंजी लागलीच

मी सिंधूबाई. सणसवाडीत माझी खाणावळ हाय. कंपनीतली पोरं दोन टाइम जेवायला येत्यात, कुणी बिहारचं, कुणी नांदेडचं. सगळ्यांना माझी भाकर गोड लागती आन् माझं तोंड कडू लागतं. तोंडाळ म्हणून नाव हाय माझं, आन् ते काय खोटं न्हाई. पण आता जे सांगणार हाय ना, ते ऐकून तुम्हीच सांगा, ह्यात तोंड बंद ठेवायचं तर माणसानं तोंड ठेवायचं तरी कशाला?

मोनाली माझी भाची. माझी थोरली बहीण भागुबाई, तिची लेक. आक्का पाटसच्या पुढं आमच्या वस्तीवर ऱ्हाती, लोकाच्या रानात शेवंती तोडायला, भाजी खुडायला जाती. दाजी लवकर गेले. आक्कानं रोजावर जाऊन पोरीला पुण्यात दगडाचं शिकवलं. हसू नगा. दगडाचंच शिक्षण व्हतं, भूशास्त्र म्हणत्यात त्याला. पोरगी एमएस्सी झाली. वस्तीत पोरं बी तवर कुणी तेवढी शिकली न्हवती.

आता दगड शिकून नोकरी कुठं? रांजणगावात एका कंपनीत क्वालिटीला लागली, काँट्रॅक्टवर. ऱ्हाती माझ्याकडंच. सकाळी कंपनीची बस धरती, संध्याकाळी येती, च्या पिती आन् मोबाईल तोंडापशी धरून बोलाय लागती. मला आधी वाटलं, कुणी पोरगा गावला वाटतं. म्हणलं बरं झालं. कान देऊन ऐकलं तर ही सांगती, "शुक्रवारी शेवटची तारीख आहे, मार्कशीट जोडायला विसरू नका."

ते भलतंच निघालं. तिचा एक ग्रुप व्हता, चंद्राचा आन् मंगळाचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींचा. कुठं जागा निघाली, कुठं उन्हाळी शिबिर हाय, कुणाला परदेशात संशोधनाला घेतलं, कुठले जुने सर वारले, कुठल्या रानात आकाशातनं दगड पडला म्हणत्यात आन् तो कुणाला कळवायचा, हे सगळं ही रोज मराठीत बोलून टाकायची. फुकट. जाहिराती म्हणं कुठल्या तरी वेबसाईटच्या कोपऱ्यात, त्या बी इंग्रजीत, आन् कळंपर्यंत तारीख उलटून गेलेली.

"ही जाहिरात हाय का लपाछपी गं?" मी एकदा इचारलं.

"मावशी, पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातल्या पोरांना त्यांचे सर सांगतात. करमाळ्याच्या, भिगवणच्या पोरांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

"आन् तुला कोण सांगतं?"

"मला कुणी न्हाई सांगत. म्हणून तर मी शोधते."

मग एक दिवस तिनं शोधलेली जाहिरात तिच्याच कामाची निघाली. पुण्यातली एक संशोधन संस्था. नाव घेत न्हाई, घेऊन तरी काय उजेड पडणार हाय. त्यांना काळ्या दगडाचा अभ्यास करायला माणूस पायजे व्हता. चंद्रावर ते काळे डाग दिसत्यात ना, तो म्हणं आपल्या घोडनदीकाठी हाय तसलाच काळा पाषाण, तो बी लाव्हा थिजून झालेला. तवा हिथला दगड घासून त्याची कागदावानी पातळ चकती करायची, दुर्बिणीगत यंत्राखाली बघायची आन् चंद्रावरच्याशी ताडायची. ह्या पोरीनं कॉलेजात दोन वर्षं तेच केलेलं. तिनं अर्ज केला. आन् केला तो केला, वर जाहिरात बी ग्रुपवर टाकली!

मी कपाळावर हात मारला. "अगं, आपल्या ताटातलं कुणी असं वाटतं का?"

"जागा एक असली तरी कळायला सगळ्यांना पाहिजे, मावशी," म्हणाली. म्हणलं, ग्रुप तिचा, दगड तिचा.

मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवारी सकाळी दहाला. बोलावणं आलं त्या दिवशी पोरगी जेवली न्हाई, नुसती हसत व्हती. क्वालिटीत दिवसभर नट मोजणारी पोर ती, तिला पुन्हा आपला दगड हातात मिळणार व्हता. तिनं आक्काला फोन लावला. "आई, मला पुण्याला बोलावलंय."

आता आमच्याकडची गोष्ट तुम्हाला सांगायला पायजे. रांजणगावला न्हाईतर सणसवाडीला काँट्रॅक्टरचा माणूस फोन करतो, "उद्या ये." दुसऱ्या दिशी गेटवर कार्ड मिळतं, बूट मिळत्यात, माणूस लाईनवर उभा ऱ्हातो. बोलावलं म्हंजी लागलीच. बोलवून, चार प्रश्न इचारून घरी धाडत्यात, असं आमच्या वस्तीत कुणी बघितलेलंच न्हाई. आक्कानं शेवंतीच्या रानात बायांना सांगितलं, "पोरीला बोलावलं." आन् आमच्या भावाला सांगितलं, हौसरावला.

हौसराव आमच्या पाठचा. कामधंदा बेताचा, पण वस्तीत कार्यकर्ता. कुणाचं बारसं असो, कुणाची बढती असो, हौसरावाचा फ्लेक्स चौकात लागलाच पायजे. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. मंग काय! दुसऱ्या दिशी हायवेला बस थांबती तिथं हा एवढा फ्लेक्स. "वस्तीची सुकन्या कु. मोनाली ओव्हाळ हिची चांद्रशास्त्रज्ञ पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." वर आकाश, त्यात चंद्र, कडंला एक रॉकेट. आन् खाली शुभेच्छुक म्हणून डझनभर बाप्ये, गॉगल लावलेले, फोन कानाला लावलेले. मधोमध आमचा हौसराव, मोनालीपरीस मोठा. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

मोनालीला कळलं ते ग्रुपमधनंच. कुणीतरी फोटो टाकला, "ताई, अभिनंदन!" पोरगी पांढरीफट पडली. तिनं मामाला फोन लावला, "मामा, काढा तो आत्ताच्या आत्ता. निवड झाली न्हाई अजून!" हा हसतोय. "अगं आज न्हाई तर सोमवारी होईल. लाजती कशाला?"

आन् शुक्रवारी संस्थेतनं फोन आला. कुणीतरी तक्रार केलेली. मुलाखतीच्या आधीच निवड झाली तर आम्हाला कशाला बोलावलं, असं त्याचं म्हणणं, संगं फ्लेक्सचा फोटो. त्या तक्रार करणाऱ्याला मी नावं ठेवत न्हाई. त्याच्या जागी मी असते तर मी बी बोंब ठोकली असती. पण संस्थेतला साहेब काय म्हणाला ऐका. म्हणाला, तुमचं नाव आम्ही मुलाखतीतनं थांबवलंय. मोनाली रडकुंडीला येऊन सांगती, सर, मी न्हाई लावला, मला ठाऊक बी न्हवता. तो म्हणतो, असं सगळेच म्हणतात. ज्यांनी लावला, फोटोत जे दिसतायत, त्यांच्यापैकी एकानं सोमवारी दहाच्या आत समक्ष येऊन सांगावं की हे उमेदवाराला न विचारता केलं. मग बघू.

बघा म्हंजी! पोरीचे मार्क बघा की, तिनं घासलेला दगड बघा की! तिची अक्कल तपासायला बसलेली माणसं, आन् तपासत्यात काय, तर चौकातला फ्लेक्स. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण म्हणलं, डझनभर माणसं हायेत, त्यातला एक यायचा, त्यात काय अवघड? रविवारी खाणावळ बंद ठेवली आन् पोरीला घेऊन पाटस गाठलं.

हौसराव समाजमंदिराच्या पायरीवर बसला व्हता, संगं चार शुभेच्छुक. "जयभीम ताई!" म्हणून उठला. मी म्हणलं, "जयभीम ऱ्हाऊ दे, आधी उद्या पुण्याला चल." सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं.

"म्हंजी मी तिथं जाऊन सांगायचं, की फ्लेक्स खोटा हाय?"

"खोटा न्हाई तर काय खरा हाय?"

"ताई, तू समजून घे. समोरच्या पार्टीची पोरं टपून बसल्यात. उद्या सगळ्या हायवेला बोभाटा होईल, हौसरावनं खोटा फ्लेक्स लावला. माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"आन् तिची नोकरी?"

"हुशार हाय ती. तिला छप्पन्न मिळतील."

मोनाली म्हणाली, "मामा, ह्या कामाच्या छप्पन्न जागा न्हाईत. दोन-तीन वर्षांतनं एखादी निघते. मला ठाऊक आहे, मीच शोधते त्या." तिचा आवाज चढला न्हाई.

मी दुसऱ्याकडं वळले. एक म्हणला माझी उद्या फर्स्ट शिफ्ट. एक म्हणला, "मावशी, माझा फोटो तर मला न इचारताच टाकलाय." तिसरा पायरीखाली आपल्या चपला शोधाय लागला. चौथ्यानं फोन कानाला लावला, तसाच फोटोतल्यावानी, आन् "हॅलो हॅलो" करत उठून गेला. मी म्हणलं, "अरे भाड्यांनो, अभिनंदन करायला तोंडं हायेत तुम्हाला, आन् खरं बोलायला न्हाईत?" अजून बी लई बोलले, ते हिथं सांगत न्हाई. आपलेच दात आन् आपलेच ओठ.

आक्का मागं उभी व्हती. रानातनं आलेली, पदरात शेवंतीच्या पाकळ्या अडकलेल्या. ती म्हणाली, "म्या येते. म्या सांगितलं म्हणून झालं ना ह्ये. म्या सायबाला सांगन, पोरीचा काय दोष न्हाई, चूक माजी हाय." हौसराव लगीच म्हणला, "हां, आक्काला न्या. आक्का आई हाय, तिच्या शब्दाला वजन!" कशी सुटका झाली बघा भडव्याची.

सोमवारी आम्ही तिघी नऊलाच संस्थेच्या गेटवर. आक्कानं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलेलं. हिरवळ, झाडं, गुळगुळीत फरशी. वॉचमननं बाकावर बसवलं. काचेच्या खिडकीमागं तो फोनवरचा साहेब. चश्मा, इस्त्रीचा शर्ट, वाईट न्हवता बोलायला. त्येच लई वाईट व्हतं. भांडता बी येईना.

आक्का हात जोडून म्हणाली, "सायेब, आम्हाला वाटलं बोलावलं म्हंजी लागली. आमच्याकडं तसंच असतं. पोरीनं न्हाई केलं ते. माझ्या तोंडातनं गेलं आन् माझ्या भावानं लावलं."

साहेबानं मोबाईल काढला. फ्लेक्सचा फोटो मोठा करून काचेतनं आमच्याकडं फिरवला.

"यात तुम्ही कुठं आहात?"

आक्का वाकून बघाय लागली. तिला मोबाईलमधलं नीट दिसत न्हाई. ती एकेक तोंड बघत गेली, बोट लावून, जसं काय आपण कुठं तरी असूच. मग म्हणाली, "म्या न्हाई ह्यात. म्या आई हाय तिची."

"मग तुमचं म्हणणं मी कसं धरू? ज्यांनी जाहीर केलंय त्यांनी सांगायला हवं. उद्या कुणीही कुणाची आई घेऊन येईल. नियम सगळ्यांना सारखा आहे, मावशी."

माझं तोंड सुटलं. "कुणीही आई घेऊन येईल? आरं, आई काय बाजारात भाड्यानं मिळती व्हय?" वॉचमन पुढं आला, "मौसी, धीरे बोलिए." मी म्हणलं, तू गप रं बाबा, तुझ्याशी न्हाई भांडण माझं.

मोनालीनं माझा दंड धरला आन् खिडकीशी गेली. सरळ उभी ऱ्हाऊन बोलली. "सर, या फोटोतल्या एकाही माणसाला मी काय शिकले ते माहीत नाही. जिनं शिकवलं ती तुमच्यासमोर उभी आहे. तिचं तुम्हाला चालत नाही आणि त्यांचं चालतं?"

साहेब खाली बघत म्हणला, "माझ्या हातात काही नाही." आन् काच सरकवली.

हौसरावला तिथनंच फोन लावला. वाजला, वाजला, मग बंदच लागाय लागला.

दहा वाजले. आतनं एका पोरीनं दार उघडून पहिलं नाव घेतलं, एक पोरगा फाईल घेऊन उठला. मोनाली त्याला वळखत व्हती, ग्रुपमधलाच व्हता. तिनं त्याला मान हलवून आत जायला सांगितलं. त्याला काय ठावं हिचं काय झालंय ते. दार लागलं.

आम्ही गेटबाहेर येऊन बसची वाट बघत उभ्या ऱ्हायलो. माझी बडबड चालूच व्हती, हौसरावला शिव्या, साहेबाला शिव्या, त्या समद्या गॉगलवाल्यांना शिव्या. मोनाली रस्त्याकडं बघत व्हती. आक्का मधे उभी, पदर बोटाला गुंडाळत.

मग आक्का हळूच मला म्हणाली, "सिंधू, म्या उभी ऱ्हायले असते गं फोटोला. मला कुणी बोलावलंच न्हाई."