जुन्या लुगड्यातली नात

माझे हात हल्ली थरथरतात हो, म्हणून तान्ह्या नातीला मी उभ्यानं कधी घेतलंच नव्हतं. काल दुपारी सुनेनं माझंच जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं काढलं. म्हणाली, "आई, उभ्या राहा बरं."

खांद्यांवरून, कमरेवरून वेढे घेत तिनं पोर माझ्या छातीशी बांधली, पाय बेडकीसारखे दुमडून. मी सवयीनं पदर पोरीच्या तोंडावर ओढला. "अगं, दृष्ट लागेल!"

"दृष्टीचं मी बघते. श्वास कोंडेल तिचा. नाक दिसलं पाहिजे, आणि मान वाकवून पापी घेता आली पाहिजे."

घेतली की मग! टाळूला तेलाचा न् दुधाचा वास. सून शेजारीच उभी. दारातला शेवगा वाऱ्यावर डुलत होता, त्याच्याबरोबर मीही डुलू लागले. ह्याच लुगड्याच्या झोळीत पोरीचा बाप झोपायचा. कापड तेच, ऊब तीच. मधली वर्षं कुठं गेली, कोण जाणे.

खाली पाहिलं, तर माझे दोन्ही हात मोकळेच होते, थरथरत होते. पोरीला त्याचा पत्ताच नव्हता. ती गाढ झोपली होती.