भाईजानच्या खांद्यापर्यंत

रमजान ईदच्या सकाळी गळाभेट घेता घेता मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला ढकललं. ही बातमी वाशीमपासून इंझोरीपर्यंत सगळ्या नातलगांत पसरायला दुपार पुरली.

त्याचं असं झालं. मी टेलर माणूस. उभं आयुष्य कात्री आणि वजनदार इस्त्री उजव्या हातानं चालवली, तर साठी उलटल्यावर त्या खांद्यानं उट्टं काढलं. साधी टोपी घालायची म्हटली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. भाईजान शेतकरी गडी, माझ्याहून चांगला वीतभर उंच, आणि भेटतो तो कडकडून. नेमका दुखरा खांदा त्याच्या पंजात सापडला. मी कळवळलो आणि त्याला मागे लोटलं. त्यानं माझ्या नातीसाठी आणलेलं स्थळ आम्ही नुकतंच नाकारलं होतं, त्यामुळे त्याला वाटलं, मी तोच राग काढला. शिरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून तो गावी, इंझोरीला, निघून गेला. फोनवर खरं काय ते सांगितलं, तर म्हणाला, "खांदा दुखते म्हणे! स्थळ आणलं तवा नाही दुखला?" आणि फोन बंद केला.

माझंही डोकं काही थंड नाही. काही दिवस मीही फुगून बसलो. पण मला दुसरा भाऊ नाही. अब्बा गेल्यापासून त्याच्या गळाभेटीशिवाय मला ईद झाल्यासारखी वाटतच नाही. बकरी ईदला इंझोरीला जायचं आणि हात वर करून त्याला नीट भेटायचं, असं ठरवून मी दवाखाना गाठला.

तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, हाडाले स्नायू बांधून ठेवणारे दोरे सुजले तुमचे." दोऱ्यांची भाषा मला लगेच कळली. जड इस्त्री बंद, दुखऱ्या कुशीवर झोपणं बंद. डावा हात टेबलावर टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता सोडून हळूहळू झुलवायचा. मी दुकानात असा वाकलेला दिसलो की गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, काय हरवलं?" आणि स्वतःही खाली शोधायला लागायचं.

दुसरा व्यायाम बोटांनी भिंत चढायचा. भाईजानचे कपडे मीच शिवतो, त्यामुळे त्याचं माप मला तोंडपाठ. टेप लावून मी त्याच्या खांद्याच्या उंचीवर शिलाईच्या खडूनं भिंतीवर रेघ मारली. बायको भडकली. "घराले आत्ताच रंग दिला, अन् तुमी भितीवर भाऊ काढून राह्यले!"

एकदा चेव येऊन एकदम रेघेला हात लावायला गेलो, तर पुढे कितीतरी दिवस शर्टाची बटणं बायकोनं लावली. बाईंनी झापलं, "घाई कायले करता? खांदा कुरकुरला तं चालते, बोंबलला तं थांबा." मग मात्र मी शहाण्यासारखा वागलो.

बकरी ईदच्या नमाजला दोन्ही हात कानापर्यंत नेले, तर ते एका उंचीला आले. मनातल्या मनात मी स्वतःलाच शाबासकी दिली. नमाज झाल्यावर पोरानं मला मोटारसायकलवर मागे बसवून इंझोरीला नेलं.

भाईजान अंगणात उभा होता, चेहरा मख्ख. घरचे, शेजारचे सगळे बघत होते. मी पुढे होऊन हात उचलला. कानापर्यंत आला आणि तिथंच अडकला. माझं तोंड वेडंवाकडं झालं असणार.

"खरंच दुखते का रे तुले?" भाईजाननं हळूच विचारलं.

"मंग काय ढोंग करून राह्यलो?" मी खेकसलो.

ज्या माणसानं जन्मात कुणापुढे मान झुकवली नाही, त्यानं भर अंगणात दोन्ही गुडघे वाकवले. होता होता त्याचा खांदा माझ्या हाताखाली आला. "टाक आता," तो म्हणाला.

रिवाजाप्रमाणे आम्ही तीनदा गळाभेट घेतली, आणि तिन्ही वेळा तो तसाच वाकला. मला रडू फुटलं.

"दुखलं काय?" त्यानं घाबरून विचारलं.

मी नाही म्हणालो, आणि हात तिथंच राहू दिला.