गोडादऱ्यातलं एक खातं

ती गल्ली आठवली की आधी माझी फजिती आठवते. साध्या कपड्यांत, खांद्यावर पिशवी, हातात रिकामं खोकं असा मी कुरियरवाला होऊन सुरतच्या गोडादऱ्यात शिरलो आणि दारावर थाप मारून ओरडलो, "पार्सल! दार उघडा!" पोलिसी आवाज काही बदलला नाही. गल्लीतली सगळी दारं धडाधड बंद झाली.

खबर पक्की होती. गल्लीतल्या एका लूम कामगाराच्या बायकोच्या खात्यात रोज छोट्या छोट्या रकमा येतात, लगेच निघतात आणि तिच्या दारात पार्सलं पडतात. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे फिरवायला टोळ्या गरिबांची खाती भाड्याने घेत. मला वाटलं, मासा सापडला.

बाईला ठाण्यात आणलं. मागोमाग नवरा आणि गल्लीतले पाच-सहा पुरुष.

"पैसे कुणाचे?"

बाई नवऱ्याकडे बघे आणि पदर चावी.

"गुन्हा दाखल करू? खातं बंद होईल!"

खातं म्हणताच तिचा धीर सुटला. "साहेब, आधी या माणसेस्ले भायेर काढा. मंग सांगसू."

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि खुर्ची पुढे ओढली. आमची महिला कॉन्स्टेबल, सुरतचीच, म्हणाली, "साहेब, तमे पण."

माझ्याच ठाण्यातून मी बाहेर! थोड्या वेळाने कॉन्स्टेबल येऊन सांगू लागली. गल्लीतल्या बाया घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात. व्यापारी पूर्वी मजुरी हातात द्यायचा. मग त्याने रोख बंद केली, पैसे फोनवर पाठवू लागला. आता ज्याचा फोन त्याची मजुरी, आणि फोन नवऱ्याचा. स्वतःच्या नावाचा फोन आणि खातं एवढ्या एकीचंच. म्हणून सगळ्यांची मजुरी तिच्या खात्यात येते आणि ती लगेच काढून वाटते. त्यातूनच मुलींचे बूट, कुणाचा चष्मा मागवायचा. घरी थोडे कमी द्यायचे आणि नवऱ्यांना सांगायचं, व्यापाऱ्याने दर पाडला.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. रकमा जुळल्या.

बाहेर नवरा उभाच. "साहेब, पैसा कुणाचा निघाला?"

आत बाई दाराशी येऊन ऐकत होती.

"चौकशीची बाब आहे, सांगता येत नाही. तुझी बायको निर्दोष आहे. घरी घेऊन जा."

"पण साहेब, मी नवरा आहे!"

"मग नवऱ्यासारखी रिक्षा बोलाव."

आयुष्यभर हे सरकारी वाक्य मी लोकांना टाळायला वापरलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. एक मात्र शिकलो: पैसा फोनमध्ये गेला म्हणजे तो सगळ्यांच्या हाताशी आला, असं नाही. फोन कुणाच्या खिशात आहे, ते आधी बघावं.

रात्री जेवताना हे सगळं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं. तिने शांतपणे भाकरी वाढली.

"शाबास. आता उद्या बँकेत चला. माझ्या खात्याचा ओटीपी अजून तुमच्याच फोनवर येतो."