परवा आणि परसों

आमच्या फॅमिली थेरपी सेंटरमध्ये मुलं सुधारतात की नाही, यावर वाद घालता येईल. किस्से मात्र दर शनिवारी घडतात, आणि बहुतेक मोठ्यांचेच असतात. मी इथली ज्युनिअर काउन्सेलर. सध्या डोक्यात बसलंय ते सईचं घर.

सई सतरा वर्षांची. बाबांच्या आयटीतल्या नोकरीमुळे हे लोक पुण्याहून हैदराबादला, कुकटपल्लीत आले, तेव्हा ती लहान होती. आता कॉलेज बंद, खोलीचं दार बंद, घरच्यांशी बोलणं बंद. तिला पुण्याला आत्याकडे 'वळण लावायला' पाठवायचं ठरलं होतं. तिकीटसुद्धा काढलेलं. आमच्याकडे आले ते केवळ आईच्या हट्टाने.

घरच्यांबरोबर जवळची माणसंही आणा, असं आम्ही सांगतो. पहिल्या शनिवारी आई, बाबा, आजोबा आणि मराठी मंडळातले एक काका आले. मी विचारलं, "सई कुठंय?"

आजोबा म्हणाले, "तिला कशाला? तिच्याबद्दलच तर बोलायचंय."

*

पुढच्या वेळी सई आली. नियम असा की 'तू अशी, तू तशी' म्हणायचं नाही, वाक्य 'मला वाटतं'ने सुरू करायचं. आजोबा रिटायर्ड मुख्याध्यापक. त्यांनी नियम लगेच उचलला.

"मला वाटतं, ही वाया गेलीय."

मंडळाचे काका म्हणाले, "मलाही तेच वाटतं."

*

बाबांना ऐकायचा सराव दिला. सई बोलेल ते त्यांनी जसंच्या तसं परत म्हणायचं.

सई म्हणाली, "मी बोलायला लागले की तुम्ही फोन बघता."

बाबांनी मान वर केली. "सॉरी, परत सांग."

*

आजोबांनी बुडालेल्या परीक्षेचा विषय काढला. सई म्हणाली, "लाइट लो, आजोबा." म्हणजे फार मनावर घेऊ नका. इथली पोरं दिवसभर हेच म्हणतात.

आजोबा उठले आणि भर दुपारी त्यांनी ट्यूबलाइट लावली. सई खो खो हसली. थेरपी लागू पडतेय, असं काकांचं मत पडलं.

*

मग मी प्रत्येकाला घरातली एक छान आठवण विचारली. सई म्हणाली, "परसों आईने माझ्या केसांना तेल लावलं होतं."

"परवा?" आई गोंधळली. "परवा तर तू दारही उघडलं नाहीस."

मी समजावलं की इथल्या दखनी हिंदीत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. गेल्या आठवड्यातला, नाहीतर पाच वर्षांपूर्वीचा.

"चूक आहे," आजोबा म्हणाले. "परसों म्हणजे परवाच."

आई हळूच म्हणाली, "सातवीत होतीस तू."

बाबांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला.

*

शेवटच्या शनिवारी आजोबांनीच सुरुवात केली. "बुधवारी सिकंदराबादहून गाडीत बसवून देऊ. आत्या पुण्यात उतरवून घेईल."

सईने ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

बाबा म्हणाले, "तिकीट कॅन्सल केलंय, अण्णा."

"कधी?"

"परसों."

"अरे, परवा तर तू म्हणालास तिकीट पक्कं आहे!"

बाबांनी सईकडे पाहिलं. "परवा नाही, अण्णा. परसों."

आजोबा माझ्याकडे वळले. मी काही बोलायच्या आत सई म्हणाली, "लाइट लो, आजोबा."

आजोबांनी वर पाहिलं. ट्यूब चालूच होती.